वाचकांचे प्रश्न : बार्शी लाईट आणि तिचे इंजिनिअर कॅल्थ्रॉप

मिरज-पंढरपूर मार्गावरच्या जुन्या छोट्या गाडीचे छायाचित्र गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख ती गाडी कोणी आणि का काढली याकडे असल्याने या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझे आजोबा बार्शी लाईटमध्ये फायरमन होते. ते कॅल्थ्रॉप साहेबांचे नाव घेत, पण त्यापलीकडे आम्हांला काही ठाऊक नाही. हे साहेब कोण होते, आणि मिरजेहून सुटणाऱ्या गाडीला बार्शीचे नाव कसे पडले?
– एक वाचक, मिरज

उत्तर : एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप यांचा जन्म १८५७ साली इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात झाला. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या इंजिनांच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली, पुढे क्रू येथील रेल्वे कारखान्यात काम केले, आणि १८८२ साली ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या, म्हणजे आपल्याकडचे जुने लोक जिला जीआयपी म्हणत त्या कंपनीच्या, इंजिन खात्यात निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आले.

जीआयपीचा पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता तेव्हा होऊन बरीच वर्षे झाली होती, मात्र त्याने बार्शीला बाजूला टाकले होते. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, निजामाच्या मुलखातला माल उतरण्याचे ठिकाण. पण तिच्या नावाने काढलेले ‘बार्शी रोड’ हे स्टेशन, म्हणजेच आजची कुर्डुवाडी, गावापासून २० मैलांहून अधिक दूर होते, आणि एवढे अंतर सगळा माल बैलगाड्यांनी तुडवत नेला जाई. या पट्ट्यात हलकी रेल्वे टाकली तर ती आपल्या पायावर उभी राहील हे कॅल्थ्रॉप यांनी नोकरीत असतानाच हेरले. जीआयपीची नोकरी सोडून, सरकारशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून त्यांनी १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली, आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला.

पुढे तीच कंपनी वाढत गेली. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली मिरजेला. मिरज हा या मार्गाचा सर्वांत शेवटी जोडलेला टोकाचा भाग असल्यामुळे नाव पहिल्या गावाचे राहिले, यात नवल नाही. कॅल्थ्रॉप यांचे निधन १९२७ च्या मार्च महिन्यातच झाले. तेव्हा मिरजेच्या फाट्यावर त्यांचा हात प्रत्यक्ष फिरला असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी तीस वर्षांपूर्वी ठरवून दिलेल्या मापांवर तो बांधला गेला असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

प्रश्न : आमच्या गावावरून जाणारी ही गाडी इतकी छोटी आणि इतकी संथ होती की चढावर लोक खाली उतरून चालत आणि पुन्हा डब्यात चढत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ब्रिटिशांना आमच्या दुष्काळी भागावर पैसा खर्च करायचा नव्हता, म्हणून आम्हांला ही खेळण्यातली गाडी दिली, असे समजायचे का?
– एक वाचक, कवठे महांकाळ

उत्तर : चढावर उतरून चालण्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या गाडीविषयी सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्याने स्वतः क्वचितच केलेली असते. तिला खोटे ठरवण्याचा माझा आग्रह नाही. मात्र ‘खेळण्यातली गाडी’ हा शब्द बार्शी लाईटला लावता येणार नाही, आणि याचे कारण थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण कॅल्थ्रॉप यांचे सगळे कर्तृत्व त्याच कारणात आहे.

पैसा वाचवणे हा हेतू होताच, आणि तो कोणी लपवलाही नव्हता. ब्रॉडगेज, म्हणजे ५ फूट ६ इंच रुंदीचा मार्ग, टाकायचा तर जमीन, भराव, पूल, रूळ या सगळ्यांचाच खर्च इतका वाढतो की बार्शीसारख्या पेठेच्या वाहतुकीतून तो कधीही भरून निघाला नसता. मीटरगेज त्याहून स्वस्त, पण तेही या पट्ट्याला जड. म्हणून अनेक ठिकाणी अरुंद मार्ग टाकले जात. पण तसे करताना इंजिनिअर सरसकट सगळेच लहान करीत: रूळ हलके, इंजिन लहान, डबे लहान. रूळ स्वस्त पडत, पण इंजिनात ओढण्याचा दम नसे आणि वाघिणीत माल मावत नसे, म्हणजे खर्च वाचला तरी उत्पन्नही तितकेच आटे.

कॅल्थ्रॉप यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. रूळ मोडतो किंवा वाकतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, तर एका आसावरून त्याच्यावर येणाऱ्या भाराने. ऊस भरलेल्या दोन चाकांच्या बैलगाडीची चाके जिथे चिखलात रुततात, तिथून तेवढाच ऊस दोन गाड्यांत वाटून नेला तर दोन्ही गाड्या पार होतात; जमीन तीच असते आणि उसाचे वजनही तेच असते. हे तत्त्व कोणालाही कळण्यासारखे आहे, पण ते एका अख्ख्या रेल्वेला शेवटच्या वाघिणीपर्यंत लावून दाखवणे ही वेगळी गोष्ट होय. त्यांनी नियम घातला की कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये, मग तो आस इंजिनाचा असो, प्रवासी डब्याचा असो की मालाच्या वाघिणीचा. इंजिनाचा आस जड आणि वाघिणीचा हलका असला, तर रूळ इंजिनाच्या हिशोबाने जाड घ्यावे लागतात आणि वाघिणींच्या बाबतीत ती जाडी फुकट जाते. सगळ्यांचा भार सारखा केला की रुळातला प्रत्येक पौंड कामाला येतो. त्यामुळे २ फूट ६ इंच रुंदीच्या त्या मार्गाला यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो वजनाचे रूळ पुरेसे ठरले.

नियम ठरल्यावर मात्र त्यांनी कशातही हात आखडता घेतला नाही. इंजिन दमदार हवे पण आसावर ५ टनच भार हवा, म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्याकडून त्यांनी चार जोडलेल्या आसांचे, म्हणजे ओढणाऱ्या आठ चाकांचे आणि मागे आणखी चार चाकांवर तोललेले इंजिन बनवून घेतले. वाघिणींच्या चौकटी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या करवून घेतल्या, कारण जाड लोखंडी तुळयांनी वाघिणीचे स्वतःचेच वजन वाढते आणि तेवढा माल कमी होतो. चार आस, प्रत्येकी ५ टन, म्हणजे वाघीण आणि माल मिळून २० टन; त्यातले सुमारे १५ टन माल. त्याच काळी इंग्लंडमध्ये ४ फूट साडेआठ इंच रुंदीच्या मोठ्या मार्गावर धावणाऱ्या सर्वसाधारण चारचाकी वाघिणी ८ ते १० टन माल नेत असत. जवळजवळ निम्म्या रुंदीच्या मार्गावर त्यांच्याहून अधिक माल नेणाऱ्या वाघिणीला खेळणे म्हणता येत नाही.

हे सगळे साहित्य हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी त्यांनी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून, त्यात मुद्दाम तीव्र वळणे आणि चढ ठेवून, रेल्वेच्या आणि लष्कराच्या जाणकारांसमोर चालवून दाखवले. आपल्याकडे बार्शीला येणारी गाडी आधी लीड्सजवळ परीक्षा देऊन आली होती, हे आपल्या भागात फारसे सांगितले जात नाही.

संथपणाचे म्हणाल, तर ती तक्रार रास्त आहे. हलक्या मार्गावर वेग कमीच ठेवावा लागतो. कॅल्थ्रॉप यांनी वेगाचे आश्वासन कधी दिलेही नव्हते. त्यांची तुलना बैलगाडीशी होती.

प्रश्न : मिरज स्टेशनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या उभ्या असत. माल एका गाडीतून काढून दुसरीत भरावा लागे. एवढा हुशार इंजिनिअर असताना ही अडचण त्यांच्या लक्षात आली नाही का?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : लक्षात आली होती, किंबहुना त्यांच्या योजनेला होणारा मुख्य विरोध याच मुद्द्यावर होता. त्यांचे उत्तर असे की, कुर्डुवाडीला माल हलवण्याचा खर्च हा काही नवा खर्च नाही. बैलगाडीतून आलेला कापूसही तिथे उतरवून वाघिणीत भरावाच लागतो. मग बैलगाडीच्या जागी छोटी रेल्वे आली, तर हमाली तेवढीच राहते आणि २० मैलांची वाहतूक मात्र कितीतरी स्वस्त आणि जलद होते. शिवाय मार्ग अरुंद ठेवल्याने जे भांडवल वाचते त्याच्या व्याजासमोर ही हमाली किरकोळ आहे. १८९७ च्या बार्शीपुरता हा हिशोब चोख होता, आणि कंपनी पुढे तीस वर्षे वाढत राहिली हाच त्याचा पुरावा होय.

या अडचणीवर त्यांनी यांत्रिक तोडगाही काढला. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ साली सुरू झालेल्या लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याच्या छोट्या रेल्वेचे तेच इंजिनिअर होते. तिथे मोठ्या मार्गाची भरलेली वाघीण जशीच्या तशी छोट्या मार्गाच्या सखल गाड्यावर चढवून पुढे नेण्याची सोय त्यांनी केली होती. मार्गाची रुंदी तीच, २ फूट ६ इंच, आणि तिथली इंजिनेही बार्शीच्याच घराण्यातली, किट्सन यांनीच बांधलेली. त्यांच्या कपाळावर हिंदुस्थानी थाटाचे मोठे दिवेही बसवले होते, जे त्या इंग्रजी खोऱ्यात कोणाला फारसे लागले नसावेत. ती रेल्वे १९३४ साली बंद पडली आणि तिच्या मार्गावर आता लोक पायी फिरतात.

मात्र मिरजेच्या बाबतीत आपला आक्षेप मला मान्य आहे. बार्शी हा रेल्वेचा फाटा होता, मिरज हे जंक्शन झाले. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे मीटरगेज मिरजेला आले, १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा जोडला गेला, १९२७ मध्ये बार्शी लाईट आली, आणि १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, तरी बेळगाव-लोंढ्याकडचे मीटरगेज आणि पंढरपूरकडचे नॅरोगेज तसेच राहिले. बैलगाडीची जागा घेणाऱ्या टोकाच्या फाट्याचा हिशोब तीन दिशांनी माल येणाऱ्या जंक्शनला लागू करता येत नाही. ट्रक गावाच्या वेशीवरून माल उचलून थेट बाजारात उतरवू लागल्यावर मिरज यार्डातली दुहेरी हमाली व्यापाऱ्याला का परवडावी? हा दोष कॅल्थ्रॉप यांच्या गणिताचा नसून, ज्यावर ते मांडले होते ती परिस्थिती पालटल्यावरही ते तसेच चालू ठेवणाऱ्यांचा आहे. १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली, त्यानंतर अर्धे शतक उलटेपर्यंत रुंदीकरण पुरे झाले नाही.

प्रश्न : जत रोड हे स्टेशन जतपासून इतके लांब का?
– एक वाचक, जत

उत्तर : हलक्या रेल्वेचे पहिले तत्त्व म्हणजे डोंगर फोडायचा नाही आणि भराव टाळायचा; जमीन जशी वळेल तसा मार्ग वळवायचा. जतकडे वळण घेण्यापेक्षा ढालगाववरून सांगोल्याकडे जाणे सोयीचे होते. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ आला की गावापर्यंतचा रस्ता प्रवाशाने स्वतः तुडवायचा, हा रेल्वेचा जुना रिवाज आहे. बार्शीकरांनी तो आपल्या आधी अनुभवला होता.

प्रश्न : आमच्या घराण्यात पंढरीची वारी आहे. वारकऱ्यांच्या सोयीसाठी ही रेल्वे काढली, असे ऐकले ते खरे का?
– एक वारकरी, इस्लामपूर

उत्तर : पहिला टप्पा मालासाठी काढला, पण पंढरपूरचा टप्पा काढताना यात्रेचा विचार नव्हता असे कोण म्हणेल? १९०६ पूर्वी जीआयपीने येणारा यात्रेकरू बार्शी रोडला उतरे आणि तिथून पुढचे सुमारे ५० किलोमीटर पायी किंवा बैलगाडीने जाई. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांना होणारी गर्दी कोणत्याही रेल्वे कंपनीच्या डोळ्यांत भरण्यासारखीच होती. तरी एक अडचण होती. यात्रेला लागणारे डबे वर्षाचे बाकीचे दिवस उभे ठेवणे लहान कंपनीला परवडत नाही. म्हणूनच डबे आणि वाघिणी एकाच मापाच्या चौकटीवर बसवण्याची कॅल्थ्रॉप यांची पद्धत इथे उपयोगी होती. सुटे भाग एकच, दुरुस्ती एकाच कारखान्यात, आणि भारही सारखाच असल्यामुळे गाडीत काहीही कुठेही जोडता येई. पायी वारी करणाऱ्यांवर अर्थातच रेल्वेचा काही परिणाम झाला नाही, आणि होऊही नये.

प्रश्न : बार्शीची रेल्वे काढणाऱ्या माणसाने पॅराशूट बनवले, असे वाचनात आले. नावाचा घोटाळा तर नाही ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घोटाळा नाही, माणूस एकच. रोल्स-रॉईस कंपनीतले चार्ल्स रोल्स हे कॅल्थ्रॉप यांचे मित्र होते. १९१० साली बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्स यांचा मृत्यू झाला, तेव्हापासून वैमानिकाला विमान सोडून सुखरूप उतरता यावे यासाठी कॅल्थ्रॉप यांनी काम सुरू केले. त्यांच्या पॅराशूटचे नाव ‘गार्डियन एंजल’. त्याची छत्री विमानाखालच्या डब्यात ठेवलेली असे आणि उडी मारणाऱ्याच्या वजनानेच ती ओढली जाऊन उघडे. म्हणजे घाबरलेल्या माणसाला हाताने काही करावे लागू नये, ही दृष्टी.

जानेवारी १९१७ मध्ये कॅप्टन क्लाइव्ह कॉलेट यांनी ते बांधून विमानातून उडी मारली. त्याच वर्षी शॅकल्टन यांच्या ‘एंड्युरन्स’ जहाजावरील दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत असलेले ऑर्ड-लीस यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून खाली थेम्सवर उडी टाकून ते किती कमी उंचीवरून उघडते हे लोकांना दाखवले. शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी त्याचा वापर झाला, पण ज्यांच्यासाठी ते घडवले त्या ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना महायुद्ध संपेपर्यंत पॅराशूट दिले गेले नाही. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट लावून उतरू लागले होते, हे पाहता तो निर्णय मला अक्षम्य वाटतो. जड आहे, जागा फार घेते, असे आक्षेप घेतले जात, आणि त्यांत काही तथ्यही होते. परंतु आसावरचा प्रत्येक टन मोजून रेल्वे उभारणाऱ्या इंजिनिअरला वजन कमी करायला सांगितले असते तर त्याला ते जमले नसते का?

ते अरबी घोड्यांची पैदासही करीत. त्याविषयी पुन्हा कधी तरी.

प्रश्न : आता रुंदीकरण झाले. छोटी गाडी गेली, रूळही उचलले. मग या इंजिनिअरचे आमच्या भागात उरले काय?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : रूळ गेले, मार्ग राहिला. कुर्डुवाडी-पंढरपूर, लातूर आणि शेवटी पंढरपूर-मिरज असे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. लातूरच्या बाजूला मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवकडे वळवण्यात आला, त्यामुळे तिथला काही भाग नवा आहे. मिरजेकडून निघाल्यावर मात्र आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव ही नावे छोट्या गाडीच्या प्रवाशांना पाठ होती त्याच क्रमाने येतात.

या मार्गाचे महत्त्व सगळ्या देशाला एप्रिल २०१६ मध्ये दिसले. लातूर शहराला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा कृष्णेचे पाणी मिरजेत वाघिणींत भरून ‘जलदूत’ ही गाडी ११ एप्रिलला निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीला १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी गेले. पुढे ५० वाघिणींची गाडी एका फेरीत २५ लाख लिटर नेऊ लागली. मिरजेपासून लातूरपर्यंत कुठेही गाडी न बदलता जाता येते, याचे कारण बार्शी लाईटने ही दोन टोके एका मार्गाने जोडली होती.

तरी रुंदीकरणाविषयी हळहळणाऱ्या मंडळींनी एक गणित करून पाहावे. २५ लाख लिटर पाणी म्हणजे २,५०० टन. कॅल्थ्रॉप यांच्या ५ टनी आसाच्या वाघिणीत सुमारे १५ टन माल मावे, म्हणजे तेवढ्या पाण्याला १६६ हून अधिक वाघिणी लागल्या असत्या, आणि ३० पौंडी रुळांवर त्या अनेक गाड्यांत विभागून संथपणे न्याव्या लागल्या असत्या. लातूरला रोज पाणी पोहोचवणे त्या मार्गाच्या आवाक्यातले नव्हते. ही मर्यादा खुद्द कॅल्थ्रॉप यांनी आपल्या मार्गाला आधीच आकड्यात बांधून दिली होती, म्हणून ती आज आपल्याला इतक्या सहज मोजता येते.